टोचलेल्या बुचाचा भरवसा

मद्याची बाटली हा या पानांवर नित्य येणारा विषय नव्हे. ज्या घरांत पानातले मीठ कोठे वाढावे यालाही दंडक आहे, त्या घरांतील वडील मंडळी हे पहिलेच वाक्य वाचून चष्मा सावरतील, हे मी जाणून आहे. परंतु मला मद्याविषयी काही सांगावयाचे नाही. बुचाविषयी सांगावयाचे आहे. आणि बूच ही वस्तू सोवळ्यातल्या घरालाही वर्ज्य नाही.

माझा एक पुतण्या परदेशी असतो. तो दिवाळीला गिरगावात आला असता त्याने मला एका यंत्राचे वर्णन मोठ्या उत्साहाने ऐकविले. द्राक्षाच्या मद्याची बाटली एकदा उघडली की आत हवा शिरते. हवेतील प्राणवायूने त्याची चव उतरते आणि पुढे आम्ल करणारे जंतू त्याचा शिरका करून टाकतात. एकट्यादुकट्या माणसाने पेलाभर घ्यावे, तर उरलेली बाटली चार दिवसांत वाया. यावर ग्रेग लॅम्ब्रेख्ट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने तोड काढली. त्याची पत्नी गरोदर होती, ती मद्य घेत नव्हती, आणि त्याला तर एकच पेला हवा असे. मूळचा तो वैद्यकीय उपकरणे करणारा. त्याने बूच न काढता त्यातूनच एक बारीक पोकळ सुई आत घातली. त्या सुईने आर्गॉन नावाचा, कशाशीही न मिसळणारा वायू आत दाबला. त्या दाबाने मद्य त्याच सुईवाटे बाहेर आले. आणि सुई काढून घेताच बुचाचे लवचिक अंग पुन्हा मिटले. हे यंत्र ‘कोराव्हिन’ या नावाने २०१३ साली विक्रीस आले. नाशिककडच्या द्राक्षांपासून आता आपल्याकडेही मद्य होऊ लागले आहे. तेव्हा यंत्राची चर्चा मुंबईत होणे नवलाचे नाही.

“काका, बाटली उघडलीच नाही असे समजा!” पुतण्या म्हणाला.

“समजावे का लागते?” मी विचारले.

तो हसला; पण शिकलेला मुलगा असल्याने त्याने प्रश्न टाळला नाही. बूच झाडाच्या सालीचे असेल तरच छिद्र मिटते. रबरासारख्या कृत्रिम द्रव्याचे असेल तर ते नीट मिटत नाही. जुने, वाळून भुसभुशीत झालेले बूच असेल तर त्याचाही भरवसा नाही. सुईच्या नळीत आधीची हवा राहिली, तर तीच आत जाते. म्हणून टोचण्यापूर्वी वायूची एक फुंकर मारून नळी मोकळी करावी लागते. आणि काचेत वायू दाबावयाचा म्हणजे काच धड हवी. २०१४ साली काही बाटल्या फुटल्या, तेव्हा कंपनीने विक्री काही काळ थांबविली आणि बाटलीला चढवावयाचा एक जाड अंगरखा गिऱ्हाइकांना पुरविला. इतके सर्व सांभाळले तर मद्य कित्येक आठवडे, कित्येक महिने टिकते असे त्याचे म्हणणे.

मला त्या यंत्राची निंदा करावयाची नाही. कल्पना सुरेख आहे, आणि ती चुकली तरी शिक्षा सौम्य आहे. मद्यातील अल्कोहोल आणि आंबटपणा या दोहोंपुढे माणसाला मारणारे जंतू सहसा तग धरीत नाहीत. यंत्र फसले तर घोट आंबट लागेल, बाटली मोरीत रिकामी होईल, आणि पुढच्या भेटीत गप्पांना एक विषय मिळेल. पण ज्या विद्येतून ही सुई मद्यगृहात आली, त्या वैद्यकात मात्र याच प्रश्नाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागलेली आहे, आणि त्यातील एक मोठे प्रकरण आमच्या परळातले आहे. तिकडे जाण्यापूर्वी वाचकांना क्षणभर माजघरात यावयाची विनंती करतो. कारण भरलेल्या पात्रातून थोडे काढून बाकीचे राखण्याचे शास्त्र आपल्या घरात त्या यंत्राच्या कितीतरी आधी आले होते.

आमच्या आजीची कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी फडताळात वरच्या खणात असे. तिला हात लावण्याचा अधिकार घरात एकटीचा. ठरल्या दिवशी ती दादरा सोडी, कोरड्या हाताने कोरडा डाव घाली, आठवड्यापुरते लोणचे लहान बरणीत काढी, वरच्या फोडी उघड्या पडल्या असतील तर तापवून गार केलेले तेल त्यांच्यावर ओती, आणि पुन्हा दादरा बांधून टाकी. रोजचे जेवण लहान बरणीवर चाले. लहान बरणीत कोणी ओला चमचा घातला तर आठवड्याचे लोणचे जाई, वर्षाचे नव्हे.

या क्रियेत तीन रक्षक आहेत. पहिला रक्षक भिंत: वरचा तेलाचा थर, जो हवेला आत येऊ देत नाही. पुतण्याच्या आर्गॉनचे आणि आजीच्या तेलाचे काम एकच. दुसरा रक्षक मीठ, आणि त्याच्या जोडीला मोहरी, हळद, हिंग. भिंत चुकवून कोणी आत आलेच, तर त्याला तेथे वाढू न देणारे. तिसरा रक्षक हात. यंत्र म्हणून जे जे विकत मिळते, ते बहुतेक पहिल्या रक्षकाचेच सुधारलेले रूप असते. दुसरा रक्षक पदार्थाच्या गुणावर अवलंबून असतो. तिसरा विकत मिळत नाही.

आता परळ. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जी जुनी भव्य इमारत आहे, ती एके काळी मुंबईच्या गव्हर्नराचा वाडा होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि शहराची झोप उडाली. त्याच ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन हे, ओडेसात जन्मलेले आणि कॉलऱ्याच्या लशीमुळे हिंदुस्थानात आधीच माहीत झालेले शास्त्रज्ञ, मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी मांसरसाच्या चंबूंत प्लेगचे जंतू वाढविले. रसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांखाली जंतूंचे पुंजके झुंबराच्या लोलकांप्रमाणे लोंबू लागले. आपल्या देवघरातील निरांजनात असते तेच तूप, पण त्याने एका मोठ्या शोधास आधार दिला. ते जंतू उष्णतेने मारून, कार्बॉलिक आम्ल घालून लस सिद्ध झाली, आणि १८९७ च्या १० जानेवारीस हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

एका बाटलीत अनेक माणसांची लस असे. म्हणजे ती बाटली टोचणीच्या जागी उघडावयाची, एकेकासाठी तीतून काढावयाचे, आणि शेवटच्या माणसापर्यंत ती शुद्ध राखावयाची. आजीच्या बरणीचाच प्रश्न. मात्र येथे चूक झाली तर ती जिभेला कळणार नव्हती.

१९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी चार बाटल्यांतील ८८ माणसे सुखरूप राहिली. ‘५३ एन’ अशी खूण असलेल्या पाचव्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या एकोणिसांनाही धनुर्वात झाला, आणि ते सर्व दगावले. प्लेगपासून वाचावे म्हणून विश्वासाने दंड पुढे केलेली ही माणसे. एका गावातील एकोणीस घरांचा आक्रोश डोळ्यांपुढे आणला, म्हणजे बुचाचा भरवसा हा केवळ रसिकतेचा विषय राहत नाही.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. बाटली उघडण्यापूर्वीच तिच्यात दोष होता, म्हणजे तो परळचा, असा निष्कर्ष निघाला. त्याला एक कारणही मिळाले. लशीची मागणी भागविण्यासाठी हाफकिन यांनी जी नवी पद्धत सुरू केली होती, तीत कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर दिला होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी दुसरा रक्षक रजेवर पाठविला होता. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पण साक्षीपुराव्यात दुसरीही एक गोष्ट होती. बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्वाळेवर न धरता नुसता जंतुनाशक पाण्यात बुडवून वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते, आणि ते इतके चिवट असते की असल्या ओझरत्या स्नानाने मरत नाही. शिवाय ती बाटली परळात भरल्याला ४१ दिवस झाले होते. त्या वेळीच जंतू आत गेले असते, तर इतक्या दिवसांत ते माजून बाटलीला दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरांनी तर बाटलीचा वास घेऊन पाहिला होता आणि त्यांना काही वावगे आढळले नव्हते. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस, सायमन फ्लेक्सनर आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला असल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केले. ते हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारले.

या प्रकरणात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, नुसती हवा बंद केली म्हणजे पात्र राखले, हा समज अपुरा आहे. धनुर्वाताच्या जंतूला हवा नकोच असते. जी कोंडलेली बाटली मद्याला मानवते, ती त्यालाही मानवते. भिंत कोणत्या शत्रूसाठी बांधली आहे, हे न पाहता तिच्या जाडीचे कौतुक करण्यात अर्थ नाही. दुसरी अशी की, परळात महिनोन्‌महिने घेतलेली काळजी अखेर त्या एका क्षणातून पार व्हावयाची होती, ज्या क्षणी बूच बाहेर होते आणि चिमटा कोणाच्या तरी हातात होता.

तो क्षणच काढून टाकावा, म्हणून रबरी टोपणाची बाटली आली. बूच काढावयाचेच नाही; टोपण स्पिरिटने पुसून त्यातून सुई घालावयाची, औषध ओढावयाचे, सुई काढताच रबर मिटते. पुतण्याच्या यंत्राचे हे आजोबा. मुलकोवालचा धडा गिरविल्यावर आता भीती उरली नाही, असे कोणाला वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु १९२८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग या गावी घटसर्पाची लस मुलांना अशाच रबरी टोपणाच्या बाटलीतून टोचली जात होती. महिन्याच्या १७ तारखेस त्या बाटलीतून प्रथम लस काढली गेली. पुढेही काही वेळा काढली. कोणाला काही झाले नाही. २७ तारखेस एकवीस मुलांना टोचली, आणि त्यांतील बारा मुले दगावली. मधल्या दिवसांत सुईच्या वाटेने आत गेलेले पू करणारे जंतू तिकडच्या उन्हाळ्यात बाटलीत वाढले होते. त्या लशीत त्यांना आवरणारे कोणतेही द्रव्य नव्हते. चौकशीत जंतुशास्त्राचे काम मॅकफार्लेन बर्नेट या तरुण शास्त्रज्ञाने केले. पुढे १९६० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जे औषध एका बाटलीतून अनेकदा काढावयाचे आणि ज्यात जंतू वाढू शकतात, त्यात जंतुनाशक असलेच पाहिजे, हा दंडक त्या बारा मुलांच्या मृत्यूतून दृढ झाला.

म्हणजे मुलकोवालला हात चुकला, आणि बंडाबर्गला मीठ नव्हते. भिंत दोन्हीकडे होती. पहिल्या दिवशी निभावले म्हणून दहाव्या दिवशी निभावते असे नाही, हा बंडाबर्गचा विशेष बोध. टोचलेल्या बुचाची परीक्षा पहिल्या पेल्यावर होत नाही. ती शेवटच्या पेल्यावर होते.

हे सारे जुने झाले, असे म्हणून पान उलटू नये. मधुमेहाने ज्या घरात ठाण मांडले आहे, त्या घरातील फ्रिजच्या दारात इन्शुलिनची कुपी असते. आमच्या वहिनींची तशीच एक आहे. तिचे रबरी टोपण रोज टोचले जाते. जितके औषध ओढावयाचे तितकी हवा आधी आत सोडावी लागते, नाहीतर आत पोकळी होऊन औषध ओढता येत नाही. म्हणजे येथे आर्गॉन नाही, आपल्या घरातली साधी हवाच आत जाते. तरीही ते औषध निभावते, कारण त्यात क्रेसॉलच्या जातीचे जंतुनाशक घातलेले असते. इन्शुलिनला जो उग्र औषधी वास येतो तो त्याचाच. हे झाले मीठ. पण मिठालाही मर्यादा आहे, म्हणून उघडल्यापासून साधारण २८ दिवसांनी कुपी टाकून द्यावी असा नियम असतो, मग आत औषध उरलेले का असेना.

लसीकरणातही हेच दोन वर्ग आहेत. ज्या लशींत जंतुनाशक असते, त्यांची उघडलेली कुपी योग्य थंडीत राखली आणि इतर अटी पाळल्या, तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी, गोवर यांसारख्या लशींत जिवंत पण दुर्बल केलेले जंतूच औषध असतात. तेथे जंतुनाशक घातले तर औषधच मरावयाचे. म्हणून विरघळविल्यानंतर चार तासांत त्या संपवाव्या, नाहीतर टाकून द्याव्या लागतात. २०२१ साली कोविशिल्डच्या दहा मात्रांच्या कुपीलाही आपल्याकडे चार तासांची मुदत होती. पुरेशी माणसे जमेपर्यंत बाकावर बसून राहावे लागल्याचा अनुभव पुष्कळ वाचकांना असेल. तो खोळंबा कंटाळवाणा होता खरा, पण त्यामागे मुलकोवाल आणि बंडाबर्ग उभी होती.

हे ऐकून पुतण्याने मला कोंडीत धरण्याचा प्रयत्न केला. “काका, मग प्रत्येकाला एक लहान कुपी द्यावी, यंत्रही नको, भीतीही नको. आजीची लहान बरणी!”

त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि जेथे साधते तेथे तसे करतातही. परंतु लहान कुप्यांना काच अधिक, खर्च अधिक, बर्फाच्या पेटीत जागा अधिक. दुर्गम पाड्यावर पायी जाणाऱ्या परिचारिकेच्या खांद्यावरील पेटीत किती कुप्या मावतात, यावर किती मुलांना लस मिळेल हे ठरते. उलट मोठी कुपी घेतली, तर एकट्या बालकासाठी ती उघडावी आणि बाकीची फुकट घालवावी काय, हा पेच पडतो. आणि वाया जाईल या भीतीने त्या मातेला पुन्हा येण्यास सांगितले, तर ती येईलच असे नाही. सुरक्षितता फुकट मिळत नाही. ती कोणाच्या खिशातून, कोणाच्या पायांतून, कोणाच्या वेळातून वसूल होत असते. म्हणून अशा प्रसंगी बालक परत पाठवू नये, कुपी वाया गेली तरी चालेल, असेच जाणते लोक सांगतात. मलाही तेच योग्य वाटते.

मग यंत्रांचा भरवसा धरावा की धरू नये? धरावा; पण तो वस्तूच्या नावावर धरू नये. आत काय आहे, यंत्र चुकले तर कोणाला काय भोगावे लागेल, प्रथम केव्हा टोचले, आणि कोणत्या दिवशी टाकून द्यावयाचे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या बाटलीजवळ आहेत ती विश्वासू. मद्याच्या बाटलीला ती नसली तरी जग बुडत नाही. औषधाच्या बाटलीला ती असलीच पाहिजेत.

कारण बाटली स्वतः बोलत नाही. ‘५३ एन’ ही बाटली बोलती, तर दोष परळचा की मुलकोवालचा हे एका दिवसात कळले असते. ती मुकी असल्यामुळे एका माणसाच्या आयुष्याची चार-पाच वर्षे, आणि त्याचे हातचे काम, त्या निवाड्यात गेले. एकोणीस मृतांना तर कोणताच निवाडा परत आणू शकत नव्हता. म्हणून बाटलीच्या वतीने आपण लिहून ठेवावे. दवाखान्यात परिचारिका कुपी उघडताच तिच्यावर तारीख आणि वेळ टिपते. ती अक्षरे रोग्याचे रक्षण करतात, आणि पुढे काही घडलेच तर निरपराध माणसाचेही. आमच्या घरी वहिनींच्या कुपीवर कागदाची चिकटपट्टी लावून सूनबाई उघडल्याची आणि टाकावयाची अशा दोन्ही तारखा घालते. ज्यांच्या फ्रिजच्या दारात अशी कुपी असेल, त्यांनी हे मासिक खाली ठेवल्यावर तिच्यावर तारीख आहे की नाही एवढे पाहावे. नसेल आणि कोणी उघडली केव्हा हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर पैशाकडे न पाहता नवी आणावी.